‘ट्रान्समिशन गेलंय’ हे मान्य करण्याआधी

अमेरिकेत आल्यावर पहिली गाडी बहुतेकांची जुनीच असते. एडिसन असो, डॅलस असो की फ्रीमाँट. शिक्षण संपवून दुसऱ्या गावी निघालेला सीनियर आपली कोरोला विकतो, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले कुणी काका घरातली तिसरी कॅमरी काढतात, आणि दीड लाख मैल पळालेली गाडी आपल्या दारात येते. वर्षभर ती निमूट चालते. मग एके दिवशी सिग्नल सुटतो, आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र हलायला वेळ घेते. मेकॅनिक गाडीला एक फेरी मारून येतो आणि सांगतो, ‘ट्रान्समिशन गेलंय, साडेतीन-चार हजार डॉलर होतील.’ गाडीची किंमतही तेवढी नसते.

कधी कधी हे निदान खरंच असतं. पण तेल कमी होणं, वीस-पंचवीस डॉलरचा सेन्सर बिघडणं, बॅटरीच्या टोकांवर चढलेला गंज, इंजिनाचा एखादा बिघडलेला स्पार्क प्लग, यांचीही लक्षणं हुबेहूब तशीच दिसतात. म्हणून तपासाला एक क्रम हवा. आधी पाहायचं, ऐकायचं, लिहून ठेवायचं. हात नंतर लावायचा. क्रम उलटा झाला की पुरावाच पुसला जातो आणि मग चांगला मेकॅनिकही चाचपडत बसतो.

सामान फार लागत नाही. पांढरे पेपर टॉवेल, टॉर्च, एक मोठा पुठ्ठा, वही-पेन आणि वीस-तीस डॉलरला मिळणारा कोड रीडर. गाडीचं ओनर्स मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ते बहुधा फुकट मिळतं, ते उतरवून घ्यावं.

आपल्यापैकी अनेक जण गाडी शिकले ते डाव्या पायाखाली क्लच घेऊन. तिथे गिअर पडला नाही तर का पडला नाही हे पायाला कळायचं. ऑटोमॅटिकमध्ये पाय मुका होतो. त्यात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून भारतात लोकप्रिय झालेल्या ‘एएमटी’ गाड्यांनी आणखी गोंधळ केलाय. त्यांच्या आत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. जुन्या कॅमरीतली ऑटोमॅटिक हे वेगळंच प्रकरण आहे, त्यामुळे पुण्याच्या मित्राचा फोनवरचा सल्ला इथे लागू पडेलच असं नाही.

तेव्हा पेटीच्या आत काय असतं ते थोडक्यात पाहू.

इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये, क्लचच्या जागी, टॉर्क कन्व्हर्टर असतो: तेलाने भरलेलं एक गोल, बंद भांडं. इंजिनाच्या बाजूची पाती तेल फेकतात, ते समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं. दोन्हींमध्ये लोखंडाचा थेट सांधा नसतो, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते आणि इंजिन बंद पडत नाही. वेग स्थिरावला की आतला एक क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जखडतो. याला लॉकअप म्हणतात. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे तो बराच त्रास देणार आहे.

त्यामागे गिअरचे संच आणि क्लच पॅक, म्हणजे घर्षणाचं अस्तर लावलेल्या पातळ चकत्यांच्या थप्प्या. कोणती थप्पी दाबली जाते त्यावर कोणता गिअर पडणार ते ठरतं. दाबणारा हात तेलाचा. हे तेल कुठे पाठवायचं हे व्हॉल्व बॉडी ठरवते, म्हणजे बारीक नाल्यांनी भरलेला धातूचा ठोकळा. त्यातल्या झडपा उघडतात-मिटतात सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या खटक्यांनी. आणि सोलेनॉइडला हुकूम देतो संगणक.

जनरल मोटर्सने १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक दिला तेव्हा यातला संगणक नव्हता, सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालायचा. आजही हाताची ताकद तेलाचीच आहे. तेल वंगण करतं, ताकद पोचवतं, क्लच दाबतं, वर उष्णताही वाहून नेतं. निम्मं निदान तेलात सापडतं ते यामुळे.

आता पहिली पायरी: तक्रार लिहून काढणं. ‘गाडी झटके देते’ एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. सकाळी गार असताना होतं की अर्धा तास चालवल्यावर? कितव्या वेगाला? गिअर बदलताना की एकाच वेगाने जाताना? त्या क्षणी टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा उडतो का? डॅशबोर्डवर कोणता दिवा लागतो? जुन्या होंडांमध्ये ‘डी’ किंवा ‘डी४’ हे अक्षरच लुकलुकतं; ती नुसती शोभा नव्हे, संगणकाने ट्रान्समिशनचा दोष नोंदवल्याची ती खूण आहे.

गार-गरम हा फरक सर्वांत मोलाचा. गार असताना उशिरा गिअर पडणं आणि तापल्यावर सुधारणं हे बहुधा कमी तेलाकडे किंवा आतल्या रबरी सीलच्या कडकपणाकडे बोट दाखवतं. शिकागो-मिनिआपोलिसच्या जानेवारीत थोडा आळस क्षम्यच. उलट, गार असताना ठीक आणि तापल्यावर घसरायला लागणं हे जास्त काळजीचं, कारण तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागांतून दाब निसटतो.

या पायरीला एक पथ्य. बॅटरीची वायर काढून पाहू नका आणि कोड पुसू नका. ‘रीसेट करून बघ’ हा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला असतो. रीसेटने दिवा जातो, दोष राहतो. शिवाय संगणकाने गाडीच्या झिजेप्रमाणे शिकून घेतलेल्या सवयीही काही गाड्यांत पुसल्या जातात, मग आणखी काही दिवस गिअर वेडेवाकडे पडतात आणि मूळची तक्रार कोणती हेच कळेनासं होतं.

दुसरी पायरी, आपल्याकडे कोणत्या जातीचं ट्रान्समिशन आहे ते शोधणं. तीन जाती भेटतात. नेहमीची गिअरांची ऑटोमॅटिक. सीव्हीटी, ज्यात गिअरांऐवजी कमी-जास्त रुंद होणाऱ्या दोन पुल्या आणि पोलादी पट्टा असतो. आणि डबल क्लच. सीव्हीटीमध्ये ‘गिअर बदलल्याचं जाणवत नाही’ ही तक्रारच नाही, तिथे बदलायला पायऱ्याच नाहीत.

मग काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात दिसणारा १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, उतरवून घ्यावा आणि अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या, ‘नित्सा’च्या, संकेतस्थळावर टाकून पाहावा. गाडीवर उघडा रिकॉल असेल, म्हणजे कंपनीने मान्य केलेला सुरक्षेचा दोष दुरुस्त व्हायचा राहिला असेल, तर डीलर तो फुकट करून देतो. मालक कितवा आहे याने फरक पडत नाही.

हे पाहायला का सांगतो? कारण काही गाड्यांचं दुखणं जन्मजात आहे. होंडाने एप्रिल २००४ मध्ये सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या: ओडिसी, पायलट, व्ही-६ इंजिनाची अकॉर्ड, अ‍ॅक्युराची काही मॉडेल्स. दुसऱ्या गिअरला तेल पुरेसं पोचत नव्हतं, तो तापायचा आणि त्याचे दात तुटून ट्रान्समिशन जाम होण्याचा धोका होता. कमी पळालेल्या गाड्यांना कंपनीने त्या गिअरवर तेलाची धार सोडणारी जोडणी बसवून दिली. जास्त पळालेल्यांचा गिअर तापून रंग बदललाय का ते तपासलं, आणि बदलला असेल तर ट्रान्समिशनच नवं दिलं. त्याच वर्षांची चार सिलिंडरची अकॉर्ड या रिकॉलमध्ये नव्हती. म्हणून ‘अकॉर्डचं ट्रान्समिशन खराब’ असं सरसकट म्हणणाऱ्याला ‘कोणतं इंजिन?’ असं विचारावं.

निसानने २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची वॉरंटी नंतर १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवली, यातच काय ते आलं. फोर्डच्या २०१२ ते २०१६च्या फोकस आणि त्याच सुमाराच्या फिएस्टातला कोरडा डबल क्लच सुटताना थरथरतो म्हणून बदनाम आहे. तो प्रकार तेल बदलून जात नाही. या गाड्या बाजारात स्वस्त मिळतात, आणि त्याचं हेच कारण आहे.

तिसरी पायरी तेलाची. इथे घाई करू नका, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक म्हणजे सगळ्या गाड्यांचं तेल एकाच पद्धतीने मोजणं. जुन्या टोयोटात गाडी चालवून तापवायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पुन्हा ‘पी’ वर आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढायची. जुन्या होंडात नेमकं उलट: गाडी तापवायची, इंजिन बंद करायचं आणि साधारण एक-दीड मिनिटाच्या आत मोजायचं. टोयोटाची पद्धत होंडाला लावली की तेल कमी दिसतं, माणूस वरून ओततो, आणि जास्त झालेल्या तेलाचा फेस होऊन नवंच दुखणं सुरू होतं. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये पाहा.

दुसरी चूक, चुकीची पट्टी ओढणं. बॉनेटखाली इंजिन ऑइलची पट्टी वेगळी आणि ट्रान्समिशनची वेगळी. शंका असेल तर ओढूच नका, आधी मॅन्युअलमधलं चित्र पाहा.

पट्टी एकदा पुसून पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि तिचं टोक पांढऱ्या पेपर टॉवेलवर टेकवावं. एक थेंब पुरे. मिनिटभर थांबून तो कसा पसरतो ते पाहावं. नव्या तेलात लाल रंग घातलेला असतो. ते स्वच्छ गुलाबी-लाल पसरतं. काही हजार मैलांनंतर ते विटकरी-तपकिरी होतं, तेवढ्याने घाबरू नये. थेंबाच्या मध्यात काळा ठिपका राहून भोवती फिकट कडं पसरलं आणि करपल्याचा उग्र वास आला, तर क्लचचं अस्तर जळून तेलात मिसळलंय असं समजावं. वास रंगापेक्षा खरा बोलतो.

थेंब दुधाळ गुलाबी असेल तर गाडी तिथेच थांबवा. ट्रान्समिशनचं तेल गार करणारी नळी पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी-रसायन, तेलात उतरतं आणि क्लचची अस्तरं सोलवटून काढतं. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा, फ्रंटियर या गाड्यांत हे इतकं झालं की मेकॅनिक मंडळी त्याला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ म्हणू लागली. अशी गाडी विकत घेत असाल तर आधी रेडिएटरची चौकशी करा.

कित्येक गाड्यांना पट्टीच नसते. टोयोटाने ‘डब्ल्यूएस’ तेल आणल्यापासूनच्या बऱ्याच गाड्यांत तेल खालून, ठरावीक तापमानाला, एक बोल्ट उघडून मोजावं लागतं. ‘सील्ड आहे, आयुष्यभर बदलायचं नाही’ असं त्याबद्दल सर्रास सांगतात. हे आयुष्य कुणाचं, गाडीचं की वॉरंटीचं, हे मात्र कुणी स्पष्ट करत नाही. दीड लाख मैल झालेल्या गाडीत हे काम लिफ्ट असलेल्या मेकॅनिककडून करून घ्यावं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली स्टँड हवेतच.

तिसरी चूक, हाती लागेल ते तेल ओतणं. दुकानात ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेल्या बाटल्या मिळतात. १९८९ साली क्रायस्लरने आणलेल्या संगणकी ट्रान्समिशनमध्ये लोकांनी, आणि मेकॅनिकांनीही, बाजारात सर्वत्र मिळणारं डेक्सरॉन तेल ओतलं. घर्षणाचा गुण वेगळा असल्याने गाड्या थरथरू लागल्या आणि चांगली ट्रान्समिशन खोलली गेली. जुन्या होंडाला होंडाचं डीडब्ल्यू-१, क्रायस्लरला एटीएफ+४, निसानच्या सीव्हीटीला तिचंच तेल. दोन-चार डॉलर जास्त पडतात, पडू द्या.

तेल कमी निघालं तर ते गेलं कुठे हा पुढचा प्रश्न. तेल जळून संपत नाही, ते गळतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून सकाळी पाहावा. मधल्या भागात लाल किंवा तपकिरी डाग असेल तर ट्रान्समिशन, काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवट किंवा नारिंगी गोडसर वासाचं कूलंट, आणि उन्हाळ्यात नुसतं स्वच्छ पाणी पडलं असेल तर तो एसी. यावर मात्र खर्च नको.

तेलाबद्दल आणखी एक. काही सुबारूंच्या पोटाखाली इंजिन ऑइलचा आणि ट्रान्समिशनचा बोल्ट असे आहेत की पंधरा मिनिटांत ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांत चुकून ट्रान्समिशनचं तेल काढलं जातं आणि इंजिनात दुप्पट भरलं जातं. गाडी बाहेर पडते आणि काही मैलांत हलेनाशी होते. ऑइल बदलून आणल्याच्या दिवशीच तक्रार सुरू झाली असेल तर पहिला संशय तिथे घ्या, आणि इंजिन चालू न ठेवता दोन्ही पातळ्या तपासून घ्या.

चौथी पायरी कोड वाचण्याची. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ नावाची सोय सक्तीची आहे. चालकाच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डखाली १६ टोकांचं सॉकेट असतं. त्यात कोड रीडर लावून किल्ली ‘ऑन’ करायची. रीडर नसेल तर ऑटोझोन, ओरायली यांसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत कोड फुकट वाचून देतात. दाखवलेले सगळे कोड वहीत उतरवावेत, एकही न पुसता.

‘पी०७००’ दिसला की लोक हादरतात. त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या संगणकाकडे काहीतरी नोंद आहे, तिकडे जाऊन पाहा. खरा मजकूर दुसऱ्या कोडात असतो, आणि स्वस्त रीडरला तो वाचता येईलच असं नाही. ‘पी०७१५’ आत येणाऱ्या दांड्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, ‘पी०७२०’ बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या सेन्सरचा. ‘पी०७५०’ गिअर बदलणाऱ्या पहिल्या सोलेनॉइडचा. ‘पी०७४१’ म्हणजे लॉकअप नीट लागत नाही. ‘पी०७३०’ सर्वांत गंभीर: संगणकाने मागितलेला गिअर आणि प्रत्यक्षात मिळालेला वेग यांचं गणित जुळत नाही, कुठेतरी घसरतंय.

पण कोड आजाराचं नाव सांगत नाही, दुखतंय कुठे ते सांगतो. ‘पी०७४१’ आला म्हणून टॉर्क कन्व्हर्टर बदलायला निघू नये. जुनं तेल, अडकलेली झडप, बिघडलेला सोलेनॉइड, तुटकी वायर, यांपैकी काहीही असू शकतं. बऱ्याच गाड्यांत सेन्सर आणि काही सोलेनॉइड ट्रान्समिशन न उतरवता बदलता येतात. मेकॅनिकला नेमका हाच प्रश्न विचारावा: ‘हा भाग बाहेरून निघतो का?’

पाचवी पायरी, गाडी चालवून पाहणं. सोबत कुणीतरी असावं. एकाने चालवावं, दुसऱ्याने काटा पाहून लिहावं.

सुरुवात उभ्या गाडीपासून. ब्रेक दाबून ‘पी’वरून ‘आर’, मग ‘एन’, मग ‘डी’. प्रत्येक वेळी गिअर पडल्याचा हलका धक्का किती वेळाने येतो? सेकंदभरात आला तर ठीक. दोन-तीन सेकंद लागत असतील तर तेलाची पातळी पुन्हा पाहावी. ‘डी’ उत्तम आणि ‘आर’ मरतुकडा, किंवा उलट, असं असेल तर तेही लिहावं. दोन्हींसाठी वेगवेगळ्या क्लच पॅकचा वापर होतो, त्यामुळे दोष कोणत्या थप्पीत आहे हे जाणकाराला कळतं.

लिव्हर ‘पी’मधून निघतच नाही, ही तर ट्रान्समिशनची तक्रारच नव्हे. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का ते कुणाला तरी पाहायला सांगा. लागत नसतील तर ब्रेक पेडलपाशी असलेला स्विच किंवा फ्यूज गेलाय, आणि पाय ब्रेकवर आहे हे गाडीला कळत नाहीये. काही डॉलरचं काम.

मग मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत न्यावं आणि काटा खाली येण्याच्या वेळा मोजाव्यात. चार गिअरच्या जुन्या कॅमरीत तीनदा गिअर बदलतो आणि चाळीस-पन्नास मैलांच्या सुमारास काटा आणखी एकदा थोडासा खाली सरकतो. हा चौथा बदल म्हणजे लॉकअप. तो पाचवा गिअर नव्हे. गिअर बदलताना काटा वर उडून मग खाली आला तर ते घसरणं. धाडकन धक्का बसला तर दाब किंवा सोलेनॉइड. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रडत-रडत चालत असेल तर तो ‘लिंप मोड’, म्हणजे संगणकाने दोष पाहून स्वतःच केलेली नाकाबंदी. बंद करून चालू केल्यावर ती कधी सुटते, पण दोष सुटलेला नसतो.

हायवेवर शेवटचा गिअर पडतच नाही असं वाटलं, तर डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा आहे का पाहा. जुन्या टोयोटांत लिव्हरच्या बाजूलाच त्याचं बटण असतं आणि ते अंगठ्याने नकळत दाबलं जातं. यासाठीही लोक गॅरेज गाठतात.

आता ती प्रसिद्ध थरथर. पंचेचाळीस-पन्नास मैलांच्या स्थिर वेगाला, अगदी हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, हायवेच्या कडेच्या खरबरीत पट्ट्यांवर चाक गेल्यासारखी थरथर येते. हा लॉकअप क्लचही असू शकतो आणि इंजिनाचा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकणं, हाही असू शकतो. पहिल्यासाठी हजारो, दुसऱ्यासाठी एका प्लगचे किंवा कॉइलचे पैसे. मागे गाडी नाही याची खात्री करून, अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून, ब्रेकला पायाचा नुसता स्पर्श करावा. ब्रेकचा दिवा लागताच लॉकअप सुटतो आणि काटा थोडा वर जातो. त्या क्षणी थरथर थांबली तर संशय लॉकअपवर. चालूच राहिली तर इंजिनाकडे वळावं. लॉकअपची थरथर असेल आणि तेल करपलेलं नसेल, तर योग्य तेल बदलून ती जाते असा पुष्कळ गाड्यांचा अनुभव आहे.

सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं, पण ‘एन’ केलं तर चालू राहतं? लॉकअप सुटत नाहीये. याचा सोलेनॉइड आधी पाहायला सांगा.

सहावी पायरी: बाहेरचे संशयित. ‘पी’वरून ‘डी’ करताना ‘ठक्क’ आवाज येत असेल तर इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं त्या माउंटचा संशय घ्यावा. बॉनेट उघडून, एकाने ब्रेक घट्ट दाबून गिअर बदलावेत आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून, गाडीसमोर कधीही नाही, इंजिन किती उसळतं ते पाहावं. बॅटरी कमजोर असली किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवा गंज असला तर संगणक आणि सोलेनॉइड लहरीपणाने वागतात, म्हणून बॅटरी तपासून घ्यावी. तीही तपासणी दुकानात फुकट होते. आणि एकाही गिअरला गाडी हलत नाही, पण जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा मात्र वर चढतो, असं दिसलं तर आनंद माना: ट्रान्समिशन फिरतंय, चाकाकडे जाणारा अ‍ॅक्सल तुटलाय.

एवढं झाल्यावर तेल बदलायचा निर्णय घेता येतो. खालचा बोल्ट काढून तेल सोडलं तरी टॉर्क कन्व्हर्टरमधलं आतच राहतं. एका वेळी निम्मं किंवा त्याहून कमी बदलतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलावं. जितकं निघालं तितकंच मोजून भरावं. यंत्र लावून दाबाने सगळं तेल एकदम धुऊन काढणाऱ्या ‘फ्लश’ला मी जुन्या, न जपलेल्या गाडीत हो म्हणणार नाही, साठलेला मळ बारीक नाल्यांत जाऊन बसला तर तो काढायला पेटी उघडावी लागते.

काढलेल्या बोल्टच्या टोकाला होंडात चुंबक असतो. इतर अनेक गाड्यांत तो तळाच्या थाळीत बसवलेला असतो. बोट फिरवून पाहा. ओल्या बुक्क्यासारखी मऊ करडी-काळी पेस्ट लागली तर ती वयाची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे चकाकते तुकडे लागले तर आतलं लोखंड तुटतंय. त्या बोल्टचा फोटो काढून ठेवावा, मेकॅनिकला दाखवायला.

आता मेकॅनिककडे जायचं ते वही घेऊन. साधं गॅरेज आणि ट्रान्समिशनचंच काम करणारं दुकान यांत फरक आहे. निदानासाठी दुसऱ्या प्रकाराकडे जावं. भिंतीवर एएसई या संस्थेचं ‘ए२’ प्रमाणपत्र असेल तर ते ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या परीक्षेचं असतं. निदानाची फी तासाभराच्या मजुरीएवढी द्यावी लागते. ती खुशाल द्यावी. फुकट निदान करणाऱ्याची कमाई दुरुस्तीतूनच होणार असते. ‘दाब मोजला का? किती आला?’ हे विचारावं. दाब न मोजता, तेल न पाहता ‘गेलंय’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

कॅलिफोर्नियात कामाआधी लेखी अंदाज देणं आणि तो ओलांडण्याआधी ग्राहकाची संमती घेणं कायद्याने बंधनकारक आहे. इतर राज्यांतही लेखी मागायला कुणी अडवत नाही. ‘रीबिल्ट’ म्हणजे आपलंच उघडून झिजलेले भाग बदललेलं, ‘रीमॅन्युफॅक्चर्ड’ म्हणजे कारखान्यातून तयार होऊन आलेलं, ‘यूज्ड’ म्हणजे भंगारातल्या गाडीचं. तिन्हींच्या वॉरंटीत किती महिने आणि किती मैल, आणि मजुरी त्यात धरली आहे का, हे कागदावर घ्यावं. गाडी ओढून न्यावी लागली तर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाकं उचलूनच नेली पाहिजे. टो ट्रकवाल्याला हे आवर्जून सांगा.

आणि गाडी अजून घेतलीच नसेल, तर हाच सगळा तपास घेण्याआधी करावा. डीलरच्या गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ नावाचा कागद केंद्र सरकारच्या नियमाने असावाच लागतो. त्यावर ‘अ‍ॅज इज’पुढे खूण असेल तर गाडी दाराबाहेर पडताच दुखणं आपलं. ओळखीच्या माणसाकडून घेताना तो कागदही नसतो. गार इंजिनावर गाडी पाहायला मागा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर पुन्हा सकाळी जा.

माझं मत विचाराल तर हिशेब असा. तेल लाल किंवा तपकिरी, कोड सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा, गिअर घसरत नाही: दुरुस्त करा, गाडी अजून बरीच चालेल. तेल करपलेलं, चुंबकावर तुकडे आणि तापल्यावर घसरण, ही तिन्ही एकत्र असतील तर तीन हजारांच्या गाडीत चार हजार घालू नका, विकून मोकळे व्हा. मात्र मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात टाकताना कोडचे आकडे आणि त्या बोल्टचा फोटोही टाका. ती गाडी घेणारा बहुधा गेल्याच महिन्यात विमानातून उतरलेला कुणीतरी असेल.